शंभराच्या पुढचे आठ

सोयाबीनचे शंभर दाणे मोजायला किती वेळ लागतो, असे कोणी मला विचारले की मी आजही चपला शोधायला लागतो. विचारणारा बिचारा सहज विचारतो. त्याला काय माहीत!

मी बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. प्रयोगशाळा म्हटले की लोकांना पांढरे कोट आणि धूर सोडणाऱ्या नळ्या आठवतात. आमची प्रयोगशाळा जुन्या जालन्यात एका आडतीच्या वरच्या मजल्यावर आहे आणि तिथे धूर येतो तो खालच्या रिक्षांचा. काम अगदी साधे. प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या कागदावर ओळीने मांडायचे, कागदाची वळकटी करून कपाटात ठेवायची आणि आठव्या दिवशी उघडून किती कोंब धड आले ते मोजायचे. सत्तर आले तर सत्तर टक्के. सोयाबीन सत्तरला पास, एकोणसत्तरला नापास. नापास लॉट बाजारात जात नाही. चौथीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे. मी बी.एस्सी. ॲग्री आहे.

दाणे मोजायला आमच्याकडे यंत्र आहे, ते दिवाळीपासून बंद आहे. त्याचा एक रबरी वायसर गेला. आम्ही मुख्य कार्यालयाकडे नवा मागितला. त्यांनी कळवले, आधी जुना जमा करा. आम्ही जुना पाठवला. त्यांनी कळवले, वायसर मिळाला, पण सोबत यंत्र नसल्यामुळे तो कशाचा आहे हे ठरवता येत नाही. आम्ही यंत्राचा फोटो पाठवला. त्यांनी कळवले, फोटोतल्या यंत्रात वायसर दिसत नाही. तेव्हापासून आम्ही हाताने मोजतो. दिवसाला चाळीस वळकट्या, म्हणजे चार हजार दाणे. इतके मोजून आलेला माणूस संध्याकाळी भाजीवाल्याने दिलेली लिंबे न मोजताच पिशवीत टाकतो.

आता माझ्या वेडाबद्दल सांगायला हवे. मला कीर्तन लागते. कुणाला तंबाखू लागते तसे. अधिक महिन्यात तर पंचक्रोशीत इतके सप्ताह असतात की कुठल्या मांडवात बसावे हेच कळत नाही. महाराज उभे राहिले, मागे टाळकऱ्यांची रांग झुलायला लागली आणि मृदंगावर थाप पडली की माझ्या अंगावर काटा येतो, डोळे भरतात आणि शेजारचा माणूस सरकून बसतो. त्यामुळे एका दुपारी, अडीच हजारावा दाणा चिमटीत असताना, माझ्या मनात आले: एक दाणा, एक नाम. डाव्या हातात तुळशीची माळ, उजव्या हातात सोयाबीन. मणी सरकला की दाणा पडला. पोटाचे काम आणि देवाचे काम एकाच टेबलावर!

माळेत मणी एकशे आठ असतात. चाचणीला दाणे लागतात शंभर. हे मला ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय नाही, म्हणून आधीच सांगतो की पहिल्या दिवशी मी शंभराव्या मण्यापाशी लाल धागा बांधला होता. धागा आला की थांबायचे. तीन आठवडे मी धाग्यापाशी थांबलो. कृपया याची कुठेतरी नोंद व्हावी.

तीन दिवसांत समोरच्या टेबलावरची तृप्ती म्हणाली, "काका, तुमचं काम तर पळून राह्यलं! मोठ्यानं म्हणा ना जरा, आम्हाला बी ऐकू द्या."

मोठ्याने म्हटले. तृप्तीने मोबाइलवर टाळ लावला. दुसऱ्या आठवड्यात आमचे मॅनेजर राधेश्यामजी केबिनमधून बाहेर आले. मला वाटले, आता ऐकून घ्यावे लागणार. ते दारात उभे राहून म्हणाले, "भागवतजी, सूर थोडा खाली घ्या," आणि दुसऱ्या दिवशी घरून पेटी घेऊन आले. लहानपणी शिकले होते म्हणे. दुपारी दोन ते चार ते पेटीवर बसू लागले. तृप्ती फुटक्या दाण्यांपासून ताटात मोर काढू लागली. पुढे मोराला लांडोर झाली, मग बाग. ज्या ऑफिसात पाच वाजायची वाट बघत लोक घड्याळाकडे डोळे लावून बसायचे, तिथे आता सहा वाजता खालचा आडत्या ओरडायचा, "ओ भजनी मंडळ, कुलूप लावायचंय!"

फक्त संघपाल आमच्यात बसत नसे. संघपाल शेजारच्या खोलीत बियाण्याचा ओलावा तपासतो आणि काही लॉटची उगवणही. ढोलकी अशी वाजवतो की जयंतीच्या मिरवणुकीत लोक चालायचे विसरून उभे राहतात. मी त्याला चारदा बोलावले.

"सर, जेवणाच्या सुट्टीत बोलवा, तासभर वाजवतो. पण मोजताना न्हाई. वाजवताना मी वाजवतो, मोजताना मोजतो."

मला त्याची कीव आली. हो, कीव आली. लिहून टाकतो.

मग एका रविवारी शेजारचे काकासाहेब गॅलरीत आले. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि निवृत्तीपासून आमच्या घराचे निरीक्षण करतात. त्यांची नजर माझ्या माळेवर गेली.

"भागवतराव, हा लाल धागा कशापायी?"

मी मोठ्या अभिमानाने सगळी पद्धत समजावून सांगितली. काकासाहेबांनी चष्मा काढला.

"म्हंजे तुम्ही रोज चाळीस डाव देवाला अर्ध्यात सोडून देता?"

"अर्ध्यात नाही हो. आठच मणी राहतात."

"आठ का असंनात. पाव्हण्याला जेवायला बसवायचं, आन् भात वाढायच्या टायमाला ताट उचलायचं? बराबर आहे का हे?"

आतून शालू, म्हणजे आमची ही, बाहेर आली. "मी म्हणतच व्हते, ह्यांच्या जपाला गुण का येऊन न्हाई राह्यला."

ती असे आधी कधीही म्हणाली नव्हती. पण दोन माणसे एका बाजूला झाली की मला माझी बाजू आठवत नाही. धागा मी तिथेच तोडला. निश्चय केला की शंभर दाणे झाले की उरलेली आठ नामे रिकाम्या हाताने घ्यायची. निश्चय चांगला होता. सोमवारी मी तो पाळला. मंगळवारी दुपारी राधेश्यामजींनी पेटीवर असा काही सूर धरला, तृप्तीचा टाळ असा चढला, की... ज्याने कधी भजनात टाळ धरला आहे त्याला सांगायला नको. हात आपला राहत नाही. नाम आले की चिमूट उघडायची, दाणा पडायचा. मेरुमणी बोटाला लागला की मी मोठ्याने "हरी!" म्हणायचो आणि टेबलावरचे सगळे आपापली वळकटी बांधायचे. सगळे माझ्या तालावर होते. कोणी आकडे मोजतच नव्हते. आकडे मोजायला मी होतो ना!

आठ दिवसांनी वळकट्या उघडल्या आणि आमची उगवण वाढली.

नुसती वाढली नाही, उसळली. काठावरचे लॉट पास होऊ लागले. राधेश्यामजींनी मुख्य कार्यालयाला कळवले की संगीतमय वातावरणाचा बीजावर अनुकूल परिणाम दिसतो आहे. तिकडून 'अभिनंदनीय' असे उत्तर आले. वायसरबद्दल सहा महिने ज्यांना शब्द सुचला नव्हता, त्यांना हा शब्द एका दिवसात सुचला. मी याचे श्रेय नामाला दिले. उघडपणे दिले. खालच्या आडत्यालासुद्धा जिन्यात थांबवून सांगितले.

त्या दिवसांत सतरा नंबरचा लॉट आला. तो संघपालने तपासला. सदुसष्ट. नापास.

मी म्हणालो, "संघपाल, मी पुन्हा लावून बघतो." लावला. बहात्तर! पास.

आणि मग मी त्याच्या खोलीत गेलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाजात जितका म्हणून गोडवा आणता येईल तितका आणून म्हणालो, "बाळा, दाण्यावर जीव लावावा लागतो. नुसतं मोजून होत नाही."

संघपालने माझ्या हाताकडे पाहिले. "सर, चाचणीला मोजायचंच असतं," एवढेच म्हणाला.

दोन दिवसांनी त्याला निष्काळजीपणाबद्दल मेमो मिळाला. सही राधेश्यामजींची होती, पण मजकूर मला दाखवला होता. मी त्यात एक वेलांटी दुरुस्त केली होती. लॉट नंबर सतरा अंबड तालुक्यात, वडीगोद्रीच्या दुकानात गेला.

पुढच्या आठवड्यात तृप्ती अहवाल भरता भरता थांबली. "काका, कंप्युटर घेऊन न्हाई राह्यला."

पडद्यावर लाल अक्षरे होती: टक्केवारी शंभरपेक्षा जास्त असू शकत नाही. लॉट बावीस. बियाणे उत्तम होते. आमची उगवण आली होती एकशे तीन.

आता इथे कोणत्याही शहाण्या माणसाने थांबायला हवे होते. आम्ही प्रोग्रॅम करून देणाऱ्या कंपनीला फोन लावला. मी त्यांना जरा सुनावलेच, की तुमच्या मालात दोष आहे, आमचे काम खोळंबले आहे. तिकडच्या मुलाने नम्रपणे विचारले, "सर, मर्यादा किती ठेवू?" राधेश्यामजी पेटीवरून ओरडले, "रख दो एकसौ दस! थोडा मार्जिन पाहिजे." अर्ध्या तासात काम झाले. अहवाल छापून आला. उगवण १०३ टक्के, खाली माझी सही. कागद फार देखणा दिसत होता. मी त्याच्याकडे पाहत असतानाच संघपाल आत आला आणि त्याने चालू फोन टेबलावर ठेवला. आवाज मोठा केलेला होता.

"माझी आत्या आहे. केशरबाई. वडीगोद्रीला असती. आत्या, सांग ह्यांना."

"काय सांगू बाबा?" फोनमधून ठणठणीत आवाज आला. "तुमचं ते सतरा नंबरचं सोयाबीन आणल्तं. मी पेरायच्या आधी पाहत असते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे टाकल्ते. सदुसष्ट उगवले. पिशवीवर तर तुम्ही बहात्तर लिहिलंय. बाकीचे पाच कुठं गेल्ते, जत्रेला?"

मी घसा साफ केला. "बाई, घरगुती चाचणीत थोडं इकडेतिकडे होतं. प्रयोगशाळेची पद्धत शास्त्रीय असते."

संघपालने कपाटातून आदल्या दिवशीची माझी एक वळकटी काढली, टेबलावर उलगडली आणि दाण्यांवर पेनाचे टोक टेकवत मोजायला लागला. एक, दोन, तीन. चाल नाही, ताल नाही. पेटी केव्हा थांबली ते कळले नाही. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर. पेन तसेच पुढे गेले. एकशे एक. तृप्तीला हसू फुटले आणि एकशे चारला ते आटले. एकशे आठ.

"सर," संघपाल म्हणाला, "हे वरचे आठ कुणाचे?"

फोन चालूच होता. केशरबाई पलीकडून विचारत होत्या, "काय झालं रे? कुणी बोलून का न्हाई राह्यलं?"

राधेश्यामजींनी पेटीचा भाता बंद केला, वर रुमाल टाकला, जणू कोणी गेले आहे. हिशोब त्या चौथीतल्या मुलालाही लागला असता: एकशे आठ दाण्यांतले बहात्तर उगवले म्हणजे शंभरातले सदुसष्टच. संघपालचा आकडा बरोबर होता. बाकी सगळे लॉट मागवून पुन्हा तपासता येणार होते, ते अजून गोदामातच होते. पण सतरा नंबर लोकांच्या घरी पोचला होता आणि चार-पाच दिवसांत पेरण्या सुरू होणार होत्या. ते बियाणे जमिनीत गेले तर तीन दाण्यांमागे एक दाणा रुसून बसणार, आणि ज्याच्या शेतात बसणार तो वर्षभर आपल्याच जमिनीला दोष देणार.

माल परत मागवायचा एक फॉर्म असतो. तो मुख्य कार्यालयाला जातो आणि सात कामकाजाच्या दिवसांत मंजूर होतो. त्यात कारणाचा रकाना आहे: वाहतूक, हवामान, कीड, इतर. 'इतर'पुढे एवढीशी जागा. मी लिहिले, 'नामस्मरण'. राधेश्यामजींनी ते खोडायला लावले. मी लिहिले, 'मोजणी'. मग म्हणालो, सात दिवस थांबण्यात अर्थ नाही, मीच जातो.

"चला, मी घेऊन जातो," संघपाल म्हणाला. "आत्याचं गाव आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी वडीगोद्रीला निघालो. सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात निवेदन तयार करत होतो. 'काही तांत्रिक कारणास्तव' अशी सुरुवात होती. फार बरे निवेदन होते. त्यात माणूस कुठेच नव्हता.

केशरबाई अंगणातच भेटल्या. उंच, कपाळावर आठी. मला वरून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "तुम्हीच का गाणं म्हणत मोजणारे?"

"हो."

"मी बाई पाच-पाचाचे ढीग घालते. वीस ढीग झाले की बस. ढिगाला गाणं येत न्हाई, म्हणून चुकत न्हाई." मग पाण्याचा तांब्या पुढे केला. "दुकान बंद आहे. आज सप्त्याचं काल्याचं कीर्तन. दुकानदार बी तिथंच, घेणारे बी तिथंच. घरोघर फिरसाल तर चार दिवस लागतील. मांडवात जा, माईकवर सांगा."

मी तांब्या तसाच धरून उभा राहिलो. कीर्तनाच्या मांडवात? मी?

मांडव खचाखच भरला होता. दुकानदाराने विणेकऱ्याच्या कानात सांगितले, विणेकऱ्याने महाराजांच्या. महाराज थांबले. "बियाण्याचं काही सांगायचंय म्हणे. पोटाचं काम आहे, या, दोन मिनिटं बोला." आणि त्यांनी जागा दिली. आयुष्यभर ज्या जागेला मी लांबून हात जोडले, तिथे मी कंपनीची टोपी घालून उभा राहिलो. पुढे हजारभर माणसे, मागे टाळकरी. 'काही तांत्रिक कारणास्तव' हे शब्द पार उडाले. बाहेर आले ते एवढेच:

"लॉट नंबर सतरा..."

आणि मी श्वास घ्यायला थांबलो.

त्या जागेवर उभा राहून माणूस थांबला म्हणजे त्याने पालुपद दिले, असा टाळकऱ्यांचा हिशोब असतो. त्यात त्यांची काहीच चूक नाही. मागून वीस टाळ एकदम वाजले, मृदंगावर थाप पडली आणि सगळी रांग दोन्ही बाजूंनी झुलत गाऊ लागली, "लॉट नंबर सतराऽऽ! लॉट नंबर सतराऽऽ!" बायकांनी टाळ्या धरल्या. मी हात हलवून नाही, नाही म्हणत होतो. त्यांना वाटले, चढवा म्हणतो आहे. त्यांनी चढवले. चाल सुरेख होती. माझा उजवा पाय हलतो आहे हे माझ्या लक्षात आले तेव्हा मला धरणीने पोटात घ्यावे असे वाटले.

शेवटी महाराजांनीच हात वर करून ते थांबवले. मग मी भराभर सांगून टाकले. सतरा नंबरचे सोयाबीन पेरू नका. पिशवीवरचा बहात्तर खोटा आहे, खरे सदुसष्ट आहे. दुकानात परत करा, बदलून मिळेल. मोजताना शंभराऐवजी एकशे आठ दाणे पडले. माळ हातात होती. चूक माझी.

मग कुठून तरी एक हसू निघाले आणि सगळीकडे पसरले. वाईट हसू नव्हते ते, हे आणखी वाईट. मी खाली उतरायला वळलो. वाटले, झाले, सुटलो.

महाराजांनी माईक माझ्यापुढे धरला. कीर्तनकाराला प्रश्न विचारायची सवय असते. "थांबा माउली. खरा आकडा सदुसष्ट म्हणता. मग तो बरोबर मोजला होता कुणी?"

वाटेभर जुळवलेल्या माझ्या निवेदनात हे कुठेच नव्हते. मी ते विसरलो नव्हतो. घेतलेच नव्हते. चूक कबूल करायची माझी तयारी झाली होती. ज्याच्या खांद्यावर हात ठेवून मी शिकवायला गेलो होतो, त्याचे नाव घ्यायची झाली नव्हती.

"संघपालनं," मी म्हणालो. "ह्या केशरबाईंच्या भाच्यानं. त्यानं आधीच सांगितलं होतं. मी त्यालाच मोजणी शिकवली. त्याला मेमो मिळाला. मेमोतली वेलांटी मी सुधारली."

शेवटचे वाक्य कुणाला कळले असेल असे वाटत नाही. या वेळी कोणी टाळ वाजवला नाही.

संघपाल मांडवाबाहेर गाडीला टेकून उभा होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. मागे लोक दुकानाकडे निघाले होते, जाता जाता दोन पोरी सतरा नंबर गुणगुणत होत्या.

"ऐकलंस?" मी विचारले.

"ऐकलं," तो म्हणाला. "पण सर, मेमो लेखी आल्ता."

दुकानदाराकडून मी एक कोरा कागद आणला. गाडीच्या सीटवर ठेवून लिहिला. चाचणी कुणाची बरोबर होती, कुणाची चूक होती, मेमो मागे घ्यावा, आणि मी त्याला जे बोललो ते बोलायला नको होते. राधेश्यामजींच्या नावे. खाली सही केली. संघपालने तो उन्हात उभा राहून दोनदा वाचला, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. मग माझ्याकडे परत दिला.

"तारीख न्हाई टाकली, सर."

मी तारीख टाकली.